न उच्चारलेले वाक्य

(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत प्राथमिक शिक्षकांपुढे दिलेले व्याख्यान)



'मन वळविण्याची कला' या विषयावर मी बोलावे अशी सूचना आली तेव्हा मी प्रथम थोडा संकोचलो. ज्याची परीक्षा घ्यावयाची नाही अशा विषयावर शिक्षकांचा अर्धा दिवस खर्ची घालणे कित्येकांना रुचत नाही, हे मला अनुभवाने ठाऊक आहे. तथापि आपल्या शाळेतील एखादे मूल दिवसभरात कोणाकोणाचे बोलणे ऐकते याचा हिशेब मांडून पाहा. एस. टी. थांब्यावरील फलक, दूरचित्रवाणी, वडिलांच्या हातातील मोबाइल, बिस्किटांच्या पुड्याचे वेष्टन, निवडणुकीच्या दिवसांत भोंगा लावून फिरणारी जीप. यांपैकी प्रत्येक जण त्या मुलाचे मन आपल्याकडे वळवू पाहत असतो. आपण त्याला वाचावयास शिकवितो, म्हणजे एका अर्थी या सर्वांना घराचे दार उघडून देतो. दार उघडणाऱ्याने आत येणाऱ्यांची ओळख करून द्यावयास नको काय?

या विषयाकडे मी पुस्तकातून वळलो नाही, एका चुकीतून वळलो. ती चूक आरंभीच सांगितलेली बरी. पुष्कळ वर्षांपूर्वी मी एका लहान गावी मुख्याध्यापक असताना एका बचत योजनेचा प्रतिनिधी तेथे आला. पाच वर्षांत दामदुप्पट, असा त्या योजनेचा बोलबाला होता. पारावर सभा भरली. त्या गृहस्थाने मला मोठ्या अगत्याने बोलावून खुर्चीवर बसविले आणि शेवटी, 'गुरुजी, आपणही दोन शब्द बोला' अशी विनंती केली. मी एवढेच म्हणालो की, बचत ही चांगली सवय आहे आणि प्रत्येकाने आपापल्या ऐपतीप्रमाणे विचार करावा. कापसाचे पैसे नुकतेच हाती आले होते. वीस-बावीस घरांनी पैसे भरले. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस तालुक्याच्या गावचे कार्यालय कुलूपबंद झाले व प्रतिनिधीचा पत्ता लागेनासा झाला. ज्यांचे पैसे बुडाले त्यांत एक म्हातारी होती. नातीच्या लग्नासाठी राखून ठेवलेली रक्कम तिने भरली होती. ती शाळेच्या पायरीशी येऊन मला म्हणाली, 'गुरुजी, तुमी खुर्चीवर बसला हुता, म्हनून म्या दिलं.' तिच्या स्वरात राग नव्हता. जे घडले ते ती सांगत होती, इतकेच.

त्या रात्री मी आपले ते दोन शब्द पुन्हा पुन्हा आठवून पाहिले. त्यांत एकही वाक्य खोटे नव्हते. प्रतिनिधीच्या भाषणातही, काटेकोरपणे पाहिले तर, खोटे असे फार थोडे निघाले असते; 'दामदुप्पट होईल' हे भविष्य होते, आणि भविष्याला त्या दिवशी खोटे ठरविता येत नाही. मग बावीस घरांची फसवणूक नेमकी कोणत्या वाक्याने केली? या प्रश्नाने मला बरेच दिवस छळले, आणि त्याचे उत्तर शोधता शोधता मी सुमारे २,३०० वर्षांपूर्वीच्या एका ग्रीक ग्रंथापर्यंत जाऊन पोहोचलो. मला ग्रीक येत नाही. तो ग्रंथ मी इंग्रजी भाषांतरातून वाचला.

ग्रंथाकडे वळण्यापूर्वी ही विद्या निपजली कोठे ते थोडक्यात सांगतो. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात सिसिली बेटावरील सिराक्यूज नगरातील जुलमी राजवट कोसळली. हिरावून घेतलेल्या जमिनी परत मिळाव्यात म्हणून लोक न्यायसभेपुढे गेले, आणि सभेपुढे बोलता येणे ही अकस्मात पोटापाण्याची गरज होऊन बसली. कोरॅक्स व तिसिआस या दोघांनी तेथे वक्तृत्व शिकविण्यास आरंभ केला, अशी परंपरा सांगते. म्हणजे ही विद्या राजदरबारात नव्हे, शेताच्या बांधावर जन्मली असे म्हणावयास हरकत नाही. आणि बांधावरचे भांडण आपल्याला काही नवे नाही.

अथेन्समध्ये तर आजच्यासारखे वकील नव्हतेच. फिर्यादीने व आरोपीने स्वतःच बोलावयाचे, आणि निवाडा द्यावयाचा तो शेकडो सामान्य नागरिकांनी. ज्याला जमत नसे तो पैसे देऊन लिसिअससारख्या लेखकाकडून भाषण लिहवून घेई व पाठ करी. आरोपी आपली रडती मुले सभेपुढे आणून उभी करीत. इ. स. पूर्व ३९९ मध्ये सॉक्रेटीसवर खटला भरला गेला तेव्हा त्यालाही तीन मुलगे होते. परंतु त्यांना आणून दया मागण्याचे त्याने नाकारले, असे प्लेटोने लिहून ठेवले आहे. त्याला देहान्त शासन झाले.

परंतु भाषणाने माणसे मरतात व वाचतात म्हणजे काय, हे ज्याला पाहावयाचे असेल त्याने इ. स. पूर्व ४२७ मधील अथेन्सच्या लोकसभेची हकिगत वाचावी. थ्यूसिडिडीस या इतिहासकाराने ती दिली आहे. (भाषणे शब्दशः नोंदविणे शक्य झाले नाही, प्रसंगाला उचित व मूळ आशयाला धरून आपण ती लिहिली, अशी प्रांजळ कबुलीही त्याने ग्रंथारंभी दिली आहे. प्रत्येक बातमीदाराने ती वाचावी असे मला वाटते.) लेस्बॉस बेटावरील मिटिलीनी हे नगर अथेन्सच्या विरुद्ध उठले होते, ते शरण आले. संतापाच्या भरात लोकसभेने ठरविले की, तेथील सर्व प्रौढ पुरुषांना ठार मारावे व बायकामुलांना गुलाम करावे. हुकूम घेऊन गलबत रवाना झाले. रात्र गेली, आणि सकाळी लोकांना आपल्याच निर्णयाची शिसारी आली. सभा पुन्हा भरली.

क्लिऑन हा त्या वेळचा मोठा लोकप्रिय पुढारी. तो निर्णय बदलू नये म्हणून उभा राहिला. त्याच्या भाषणातील एक खुबी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. त्याने लोकांना झापले की, तुम्ही राज्यकारभार करावयास येत नाही, भाषणांचा तमाशा पाहावयास येता. गोड बोलण्याला भुलता. उत्कृष्ट वक्ता वक्तृत्वाची निंदा करीत होता! 'मी साधा माणूस, मला भाषण करता येत नाही' असे म्हणून दीड तास बोलणारे पुढारी आपणही ऐकले आहेत. अशा वेळी श्रोता मनातल्या मनात एक वाक्य जोडतो: ज्याला सजवून बोलता येत नाही, तो खरे बोलत असला पाहिजे.

त्याला उत्तर देण्यास डिओडोटस नावाचा गृहस्थ उठला. या एका प्रसंगाखेरीज इतिहासाला त्याची माहिती नाही. आपली अपेक्षा अशी की, त्याने मिटिलीनीच्या लेकराबाळांचे वर्णन करून सभेला रडविले असेल. त्याने तसे केले नाही. उलट तो म्हणाला की, मी दया मागत नाही. ते लोक दोषी आहेत की नाहीत हा प्रश्नच नव्हे, आपले हित कशात आहे हा प्रश्न आहे. मग क्लिऑनच्या सबंध भाषणाचा भार ज्या गृहीतावर होता त्याच्यावरच त्याने बोट ठेवले. ते गृहीत असे: शिक्षा जितकी भयंकर, तितकी इतरांना दहशत अधिक. सभेतील प्रत्येकाला हे इतके उघड वाटत होते की त्याला पुरावा कोणी मागितलाच नव्हता. डिओडोटसने विचारले: सर्व नगरांत देहान्त शिक्षा आहेत, दिवसेंदिवस त्या वाढविल्याही गेल्या, गुन्हे थांबले काय? आणि शरण आलेल्यांनाही मरावेच लागणार असे दिसले, तर पुढचे नगर शरण तरी का येईल? ते शेवटपर्यंत लढेल.

हात वर करून मते घेतली. ती जवळजवळ समसमान पडली; डिओडोटसचा पक्ष थोडक्यात जिंकला. दुसरे गलबत सोडण्यात आले. पहिले सुमारे एक दिवस व एक रात्र पुढे होते. वल्हेकऱ्यांनी मद्य व तेलात मळलेले जवाचे पीठ वल्ही मारता मारताच खाल्ले व पाळीपाळीने झोप घेतली. पहिले गलबत असल्या कामावर निघालेले, म्हणून रेंगाळत चालले होते. तरीही ते आधी पोहोचले. सेनापती पॅकेस हुकूम वाचून त्याच्या तयारीला लागतो न लागतो तोच दुसरे गलबत बंदरात आले. नगर वाचले. मात्र उठावाचे म्होरके म्हणून अथेन्सला पाठविलेल्या हजाराहून थोड्या अधिक माणसांना क्लिऑनच्या ठरावावरून पुढे ठार मारण्यात आले, हेही सांगितले पाहिजे. नाही तर गोष्ट उगाच गोड होते.

(कडक शिक्षेने धाक बसतो हे गृहीत शाळेतही फार जुने आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मुलाला शारीरिक शिक्षा करणे निषिद्ध केले, तरी ते काही शिक्षकांच्या मनातून गेले नाही. डिओडोटसचे भाषण त्यांनी अवश्य वाचावे.)

आता तो ग्रंथ. ॲरिस्टॉटलचा जन्म इ. स. पूर्व ३८४ चा, म्हणजे वरील सभेनंतर सुमारे चाळीस वर्षांनी. 'वक्तृत्वशास्त्र' या त्याच्या ग्रंथाचे तीन भाग आहेत. आपल्यापूर्वीच्या लेखकांवर तो आरंभीच रागावतो. न्यायाधीशांच्या मनात राग, मत्सर वा कणव कशी उत्पन्न करावी एवढेच ते शिकवितात, असे त्याचे गाऱ्हाणे आहे. ज्या पट्टीने मापावयाचे तीच आधी वाकवून ठेवण्यासारखे हे आहे, असा दृष्टांत तो देतो. सुताराचे काम पाहिलेल्या माणसाला याहून अधिक सांगावे लागत नाही.

ऐकणाऱ्याची खात्री पटते ती तीन मार्गांनी, असे तो म्हणतो. एक बोलणाऱ्याच्या शीलामुळे. दुसरा ऐकणाऱ्याच्या भावना हलल्यामुळे. तिसरा प्रत्यक्ष युक्तिवादामुळे. ग्रीक भाषेत यांना एथॉस, पॅथॉस व लोगॉस म्हणतात. हे त्रिकूट आजकाल पुष्कळ ठिकाणी सांगितले जाते आणि तेवढ्यावरच सोडून दिले जाते. मुलांकडून तीन नावे पाठ करून घेतली की काम झाले, असे मानण्यात अर्थ नाही. कारण ॲरिस्टॉटलने जे मार्मिक सांगितले आहे ते या नावांच्या पुढे आहे.

शीलाविषयी तो म्हणतो की, वक्त्यावरील विश्वास त्याच्या बोलण्यातूनच उत्पन्न झाला पाहिजे, त्याच्याविषयी आधीपासून असलेल्या समजुतीतून नव्हे. त्या बोलण्यात तीन गोष्टी दिसाव्या लागतात: विषयाची समज, सचोटी, आणि ऐकणाऱ्याविषयी सद्भाव. माझ्या त्या सभेला ही कसोटी लावून पाहा. माझ्या अंगी सचोटी होती असे लोक मानीत, सद्भावही होता. ठेवींच्या व्यवहाराची समज मात्र शून्य होती, आणि ती माझ्या बोलण्यातून दिसण्याइतका मी बोललोच नव्हतो. लोकांनी माझी पंधरा वर्षांची मास्तरकी त्या दोन शब्दांच्या खात्यावर जमा केली.

भावनांविषयीही त्याने असेच बारकाईने लिहिले आहे. राग, भीती, लाज, दया, मत्सर यांपैकी प्रत्येकाबद्दल तो तीन गोष्टी विचारतो: कोणत्या मनःस्थितीतील माणसाला ही भावना होते, कोणाविषयी होते, आणि कशामुळे. भावना वाईट, असे त्याचे म्हणणे नाही. साप पाहून भिणारा मनुष्य शहाणाच असतो. प्रश्न एवढाच की तेथे साप आहे की दोरी.

परंतु मला सर्वांत उपयोगी पडले ते तिसऱ्या मार्गाविषयीचे त्याचे विवेचन. व्यवहारातील युक्तिवादाला तो 'एन्थिमीम' म्हणतो. तर्कशास्त्रात प्रत्येक पायरी मांडावी लागते. सभेत तसे केले तर लोक कंटाळतात. म्हणून जी पायरी सर्वांना ठाऊक आहे ती वक्ता गाळतो आणि श्रोता ती मनात भरून घेतो. त्याने दिलेले उदाहरण फार साधे आहे. डोरिअस नावाच्या मल्लाला मुकुटाच्या पारितोषिकाची स्पर्धा जिंकल्याचा मान मिळाला, एवढे सिद्ध करावयाचे असेल तर 'त्याने ऑलिंपिकची स्पर्धा जिंकली' इतके म्हणणे पुरे. ऑलिंपिकचे पारितोषिक मुकुट असते हे सांगावे लागत नाही, ते सर्व जाणतात.

येथे माझ्या प्रश्नाचे उत्तर होते. बावीस घरांना ज्या वाक्याने फसविले ते वाक्य त्या सभेत कोणी उच्चारलेच नव्हते. 'जेथे गुरुजी बसले आहेत तेथे लबाडी नसते' हे ते वाक्य. ते प्रत्येकाने आपल्या आपणच म्हटले. आणि जे आपण स्वतः म्हटले त्याच्यावर मनुष्य संशय घेत नाही. दुसऱ्याने सांगितलेली गोष्ट आपण पारखून घेतो, स्वतःच्या मनातून निघालेली गोष्ट घरचीच समजतो.

आपल्याकडील न्यायशास्त्राने या जागी जी सावधगिरी घेतली आहे तिचे मला कौतुक वाटते. दुसऱ्याला पटवून देण्याच्या अनुमानाचे पाच अवयव सांगितले आहेत: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय व निगमन. पर्वतावर अग्नी आहे. कारण धूर दिसतो. जेथे जेथे धूर असतो तेथे तेथे अग्नी असतो, जसे स्वयंपाकघरात. येथेही तसाच धूर आहे. म्हणून पर्वतावर अग्नी आहे. वाचताना हे पाल्हाळ वाटते. परंतु तिसरा अवयव पाहा. जे वाक्य सभेतील वक्ता गाळू शकतो तेच येथे उघड्यावर मांडावयास लावले आहे, आणि वर उदाहरणही द्यावयास लावले आहे. त्या वाक्यातील नियमाला व्याप्ती म्हणतात. ती मोडते कोठे हे प्रतिपक्षाला तपासता यावे, अशी ही व्यवस्था आहे.

ही चावी हाती घेऊन आता जाहिरातींकडे पाहू. १९४६ मध्ये अमेरिकेत कॅमल सिगारेटची एक जाहिरात सुरू झाली. पांढऱ्या कोटातील प्रसन्न मुद्रेचे डॉक्टर, आणि मजकूर असा की, इतर कोणत्याही सिगारेटपेक्षा कॅमल ओढणारे डॉक्टर संख्येने अधिक आहेत. १,१३,५९७ डॉक्टरांना विचारून हे ठरविले, असा आकडाही छापलेला असे. सिगारेट प्रकृतीला चांगली, असे त्या जाहिरातीत कोठेही म्हटलेले नव्हते. तसे म्हटले असते तर पुरावा मागता आला असता. 'डॉक्टर जे करतात ते प्रकृतीला अपायकारक नसते' हे वाक्य वाचणाऱ्याने आपल्या पदरचे घातले. डॉक्टरांच्या मेळाव्यांत कंपनीने सिगारेटची पाकिटे फुकट वाटून मग आवड विचारली, हे पुढे संशोधकांनी उजेडात आणले. पण क्षणभर तो आकडा खरा धरला तरीही मधले वाक्य खोटेच राहते.

आणि याच डॉक्टरांचा दुसरा उपयोगही त्याच काळात झाला. इंग्लंडमध्ये रिचर्ड डॉल व ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५१ मध्ये ब्रिटिश डॉक्टरांना पत्रे पाठवून ते किती धूम्रपान करतात हे विचारले. सुमारे ४०,००० जणांनी उत्तरे दिली. पुढे त्यांपैकी कोण कशाने मरण पावले याची नोंद ठेवण्यात आली. १९५४ च्या पहिल्याच अहवालात दिसले की, जितके धूम्रपान अधिक तितके फुप्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू अधिक. एकीकडे डॉक्टरचा कोट दाखवून लोकांचे डोळे मिटविले, दुसरीकडे डॉक्टरांच्याच मृत्यूंची मोजदाद करून ते उघडले. शील कशाला म्हणावे व युक्तिवाद कशाला, हे शिकविण्यास याहून चांगले उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

भीती व लाज यांचा व्यापार पाहावयाचा असेल तर लिस्टरीनचा इतिहास पाहावा. १८७९ मध्ये शस्त्रक्रियेच्या वेळी वापरावयाचे जंतुनाशक म्हणून ते निघाले. १९२० नंतरच्या दशकात कंपनीने तोंडाच्या दुर्गंधीला एक अवघड वैद्यकीय नाव पुढे आणले आणि जाहिरातींतून देखण्या, सुशील, परंतु लग्न न जमणाऱ्या मुलींच्या कहाण्या सांगितल्या. दुर्गंधीचे कारण असे की, ती स्वतःला कळत नाही व दुसरे कोणी सांगत नाही. म्हणजे ही भीती खोटी ठरविण्याची सोयच नाही! याच औषधाने सर्दी टळते, असाही दावा कंपनी अनेक दशके करीत आली. १९७५ मध्ये तेथील व्यापार आयोगाने, सर्दी-पडशावर याचा उपयोग होत नाही असे जाहिरातीतच छापावयास फर्मावले, आणि १९७७ मध्ये अपील न्यायालयाने तो हुकूम मुख्यतः कायम केला.

आपल्याकडेही कायदे आहेत. १९५४ चा औषधे व जादूचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीचा कायदा आहे. तंबाखूच्या जाहिरातींवर २००३ च्या कायद्याने बंदी आहे. मुलांना उद्देशून केलेल्या जाहिरातींत त्यांना स्वतःच्या शरीराविषयी न्यूनगंड वाटेल असे काही असू नये, नैसर्गिक वा पारंपरिक अन्नापेक्षा आपला माल सरस आहे असे भासवू नये, असे २०२२ ची केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. परंतु कायदा पकडू शकतो ते उच्चारलेले वाक्य. तंबाखूच्या पुडीची जाहिरात करता येत नाही म्हणून त्याच नावाच्या वेलचीची जाहिरात पडद्यावर येते, तेव्हा पुडीचे नाव आपले मूलच मनात घेते. अशा आडमार्गाच्या जाहिरातींनाही २०२२ च्या तत्त्वांनी मनाई केली आहे, तरी ही वाट पुरती बुजणे अवघड आहे.

अलीकडे तर फोनवर पोलिसांच्या गणवेशातील माणूस दिसतो, तुमच्या नावाने गुन्हा नोंदला आहे व तुम्हाला 'डिजिटल अटक' झाली आहे असे सांगतो, आणि शिकलेली माणसे तासन्‌तास खोलीत बसून जन्माची पुंजी पाठवून देतात. भारतीय कायद्यात असली अटक नाहीच. गणवेशाने शीलाचे काम केले, भीतीने भावनेचे. 'गणवेशात आहे तो पोलीसच' हे मधले वाक्य ऐकणाऱ्याने म्हटले. खुर्चीवरच्या मास्तरात व फोनमधल्या त्या तोतयात फरक पुष्कळ आहे, पण गाळलेल्या वाक्याची जागा एकच आहे.

आता वर्गात काय करावयाचे? मी सेवेच्या अखेरच्या काही वर्षांत एक लहानसा प्रयोग केला. चौथी-पाचवीच्या मुलांना घरून वेष्टने आणावयास सांगावयाचे व फळ्यावर दोन वाक्ये लिहावयाची. उदाहरणार्थ: 'हा मुलगा अमुक पूड दुधातून पितो.' 'हा मुलगा शर्यतीत पहिला आला.' दोन्हींमध्ये एक ओळ कोरी सोडावयाची व विचारावयाचे, येथे कोणते वाक्य लपले आहे? पहिल्या दिवशी कोणाला सुचत नाही. दुसऱ्या दिवशी एक-दोघांना सुचते. 'जो ही पूड पितो तो पहिला येतो' हे वाक्य फळ्यावर आले की बाकीचे काम मुलेच करतात. एका मुलीने उभे राहून विचारले, 'गुरुजी, पळणाऱ्या सगळ्याच पोरांनी ते प्यायलं तर पहिला कोण येनार?' व्याप्ती हा शब्द तिने ऐकलेला नव्हता.

या प्रयोगात एक धोका आहे व तो मला भोवला. काही मुले प्रत्येक गोष्टीला 'हे खोटं' म्हणू लागली. आरोग्यसेविका लसीची माहिती द्यावयास आली तेव्हा एकाने तिलाही तेच ऐकविले. तेव्हापासून मी नियम केला की, कोऱ्या ओळीतील वाक्य सापडल्यावर ते खरे की खोटे हे स्वतंत्रपणे तपासावयाचे. पुष्कळदा ते खरे निघते. लसीच्या बाबतीत निघाले. ॲरिस्टॉटलनेही या विद्येची बाजू घेताना म्हटले आहे की, बळ, आरोग्य, संपत्ती यांचाही दुरुपयोग होऊ शकतो, म्हणून त्या टाकाऊ ठरत नाहीत.

आणि वेष्टने तपासून झाली की आपण आपल्याच बोलण्याकडे वळले पाहिजे. पटनोंदणीच्या वेळी आपण दारोदार जातो व पालकांना सांगतो, 'मुलीला शिकवा, नोकरी लागेल.' येथे गाळलेले वाक्य कोणते? 'जी शिकते तिला नोकरी लागते.' त्याच घराच्या ओट्यावर पदवी घेऊन रिकामा बसलेला थोरला भाऊ आपले बोलणे ऐकत असतो. बाप मान डोलावतो आणि मुलगी सातवीनंतर घरी बसते. मग आपण म्हणतो, लोक अडाणी आहेत. बंधूंनो, त्या बापाने आपली व्याप्ती तपासली व ती मोडकी निघाली, एवढेच झाले आहे. एका घरी मी हा युक्तिवाद सोडून दिला आणि आडत्याने दिलेली पट्टी मुलीकडून वाचवून घेतली. हमाली व तोलाई दोनदा कापलेली होती. बापाने ती पट्टी घडी करून टोपीत ठेवली, दुसऱ्या दिवशी बाजार समितीत नेली, आणि मुलीच्या आठवीच्या दाखल्यावर आठवड्यात सही केली. तेथे मधले वाक्य मी गाळले नव्हते. ते त्याच्यासमोर मोठ्याने वाचले गेले होते.

माझी वेळ भरत आली. जेवणाच्या सुट्टीनंतर आपण पाच-पाच जणांचे गट करू. टेबलावर मी साबणाची, बिस्किटांची व खताच्या पिशव्यांची वेष्टने, दोन उमेदवारांची पत्रके आणि वर्तमानपत्रांतील काही कात्रणे ठेवली आहेत. प्रत्येक गटाने एक उचलावे व कोरी ओळ भरून आणावी. त्यांत आजच्या परिषदेची निमंत्रणपत्रिकाही आहे. तीवर माझ्या नावापुढे 'अनुभवी व तज्ज्ञ' असे छापले आहे. ज्या गटाच्या वाट्याला ती येईल त्याने भीड बाळगू नये.